वेगाला लगाम घालणारा अभियंता

अमेरिकेत मोटार विकण्याची एक खास पद्धत रूढ होती. ग्राहक आधी मूळ गाडी निवडत असे आणि मग कारखान्याच्या छापील यादीतून हव्या त्या जादा गोष्टी तिला जोडून घेत असे. रेडिओ, हीटर, दुरंगी रंगकाम, पांढऱ्या पट्ट्याचे टायर अशा सुखसोयींच्या त्या यादीत १९५७ साली शेव्हरोलेच्या 'कॉर्व्हेट' या गाडीसाठी ६८४ क्रमांकाची एक नोंद झळकली. तिची किंमत होती सुमारे ७८० डॉलर, म्हणजे ३,१७६ डॉलरच्या मूळ गाडीच्या जवळपास एक चतुर्थांश. एवढे पैसे मोजून ग्राहकाला मिळत होत्या कडक स्प्रिंगा, सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाचे ब्रेक लायनिंग, उष्णता बाहेर टाकण्यासाठी बाहेरून पात्यांसारखे कंगोरे काढलेले ड्रम आणि त्या ड्रमवर वारा नेऊन सोडणारे मार्ग. अशा जेमतेम ५१ गाड्या त्या वर्षी तयार झाल्या. या नोंदीमागे उभा असलेला माणूस होता झोरा आर्कस-डन्टॉव्ह.

कॉर्व्हेटचे जनक म्हणून डन्टॉव्ह यांचे नाव अमेरिकेत घेतले जाते. ते काटेकोरपणे खरे नाही, कारण ती गाडी त्यांच्या आधीच जन्माला आली होती. तिला शर्यतीच्या लायकीची मात्र त्यांनी केली आणि ते करताना एका विषयाचा पिच्छा त्यांनी कधी सोडला नाही. तो विषय म्हणजे उष्णता. इंजिनाने निर्माण केलेली शक्ती अखेर कुठेतरी उष्णतेच्या रूपात बाहेर पडतेच. थोडी रेडिएटरमधून, तर थोडी ब्रेकमधून. ती वाट मोकळी नसेल तर वाढवलेली शक्ती चालकाच्याच जिवावर उठते.

डन्टॉव्ह यांचा जन्म २५ डिसेंबर १९०९ रोजी ब्रसेल्समध्ये, रशियन ज्यू कुटुंबात झाला. वडील अभियंता, तर आई वैद्यकशास्त्राची अभ्यासक. बालपण क्रांतीच्या धामधुमीतल्या रशियात गेले. आईवडील विभक्त झाल्यावर आईच्या दुसऱ्या जोडीदाराचे डन्टॉव्ह हे आडनाव त्यांनी वडिलांच्या आर्कस या आडनावाला जोडून घेतले. १९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला आले आणि तिथल्या शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यालयातून १९३४ साली ते अभियंता झाले. पुढे युद्ध पेटले तेव्हा झोरा आणि त्यांचे धाकटे बंधू युरा फ्रान्सच्या हवाई दलात दाखल झाले. १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. पत्नी एल्फी नाझी फौजा पोचण्याआधी आपली छोटी एमजी गाडी घेऊन पॅरिसमधून बाहेर पडल्या. पांगलेले कुटुंब मोठ्या शर्थीने पुन्हा एकत्र आले आणि पोर्तुगालहून बोटीने न्यूयॉर्कला पोचले.

न्यूयॉर्कमध्ये दोघा भावांनी 'आर्डुन' नावाची कंपनी काढली. आडनावाच्याच दोन तुकड्यांतून ते नाव तयार झाले होते. युद्धकाळात लष्करी सामग्री बनवल्यानंतर त्यांनी फोर्डच्या लोकप्रिय व्ही-८ इंजिनाकडे मोर्चा वळवला. या इंजिनाची खोड सर्वश्रुत होती. जळालेला वायू बाहेर नेणारे मार्ग त्याच्या ओतीव ठोकळ्यातूनच जात, त्यामुळे ठोकळा तापे आणि भार वाढला की पाणी उकळू लागे. डन्टॉव्ह बंधूंनी त्यासाठी ॲल्युमिनियमची नवी सिलिंडर हेड तयार केली, झडपा वर नेल्या आणि तप्त वायूला ठोकळ्याबाहेरून वाट करून दिली. धंदा चालला नाही, कंपनी बुडाली. पण उष्णतेशी झुंजण्याचा पहिला धडा गिरवून झाला होता.

दुसरा धडा फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मिळाला. तिथे सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर गाड्या सुसाट धावत आणि त्याच्या टोकाला काटकोनी वळणासाठी त्यांना करकचून वेग कमी करावा लागे. ड्रम ब्रेकची खरी कसोटी तिथेच लागे. बंद डब्यासारख्या ड्रममध्ये घर्षणाची उष्णता कोंडते, ड्रम प्रसरण पावून लायनिंगपासून दूर सरतो, लायनिंगची पकडही सुटू लागते आणि पाय दाबूनही गाडी आवरत नाही. डिस्क ब्रेकची चकती उघड्या वाऱ्यात फिरत असल्याने ती लवकर निवते. १९५३ साली डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने ल मान्स जिंकली, तेव्हा इंग्लंडच्या ॲलार्ड चमूकडून डन्टॉव्ह त्याच शर्यतीत उतरले होते. पुढे १९५४ आणि १९५५ साली पोर्शे चालवून त्यांनी तिथे आपल्या गटाचे विजेतेपदही मिळवले.

त्याआधी जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांनी कॉर्व्हेट पाहिली होती. रूपावर ते भाळले, पण आतली यंत्रणा त्यांना सामान्य वाटली. त्यांनी शेव्हरोलेचे मुख्य अभियंता एड कोल यांना पत्र धाडले आणि मे महिन्यात ते कंपनीत रुजू झाले. त्याच वर्षाअखेर त्यांनी वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवले. वेगवेडी तरुण मंडळी फोर्डच्या मागे आहेत, कारण त्यांना हवे ते सुटे भाग तिथे सहज मिळतात. शेव्हरोलेनेही असे भाग आपल्या यादीतून विकावेत, असा त्याचा आशय होता. ६८४ क्रमांकाच्या नोंदीचे मूळ या टिपणात आहे.

मार्च १९५७ मध्ये त्यांची 'कॉर्व्हेट एसएस' ही खास गाडी फ्लोरिडातल्या सेब्रिंगच्या शर्यतीत उतरली. मॅग्नेशियमच्या हलक्या कवचात चालक अक्षरशः भाजून निघाला, ब्रेकही त्रास देत राहिले आणि २३ फेऱ्यांनंतर गाडी बाद झाली. जूनमध्ये अमेरिकी मोटार उत्पादकांच्या संघटनेने कारखान्यांनी शर्यतींपासून दूर राहावे, असा ठराव केला. पुढचा दरवाजा बंद झाला, पण जादा वस्तूंची छापील यादी उघडीच होती. ज्याला शर्यतीत उतरायचे त्याने योग्य क्रमांक निवडावा आणि थेट कारखान्यातून सज्ज गाडी घ्यावी, हा मार्ग डन्टॉव्ह यांनी पुढे दशकभर चोखाळला.

१९६० साली खासगी चमूची कॉर्व्हेट ल मान्समध्ये गटात पहिली आली. शेवटच्या तासांत तिच्या इंजिनातले पाणी संपत आले होते आणि नियमानुसार मध्येच ते भरता येत नव्हते. तेव्हा चमूने इंजिनाभोवती बर्फ रचून गाडी कशीबशी शेवटापर्यंत नेली. १९६१ पासून कॉर्व्हेटला तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचा हलका रेडिएटर मिळू लागला. १९६३ च्या 'झेड ०६' या संचात पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी ब्रेकची स्वतंत्र वाहिनी आली, जेणेकरून एक निकामी झाली तरी दुसरी शाबूत राहावी. त्या गाड्या बनल्या १९९.

१९६५ साली कॉर्व्हेटच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक मूळ किमतीतच मिळू लागले. ज्यांना जुने ड्रम हवे होते त्यांना उलट पैसे वजा करून मिळत. २३ हजारांहून अधिक गाड्यांपैकी अवघ्या ३१६ ग्राहकांनी ती सवलत घेतली.

याच काळात अमेरिकेत 'मसल कार'चे पेव फुटले होते. मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवून ती तरुणांना विकायची, असा तो प्रकार. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओचे इंजिन ३२५ अश्वशक्तीचे होते, ब्रेक मात्र साडेनऊ इंची ड्रमचेच. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घेण्याची सोय तिच्या यादीत यायला १९६७ उजाडले. कॉर्व्हेटसारखे चारही चाकांचे डिस्क ब्रेक १९६९ साली शेव्हरोलेच्या 'कमारो'साठी उपलब्ध झाले, तर ते घेणारे निघाले २०६. शक्तीची जाहिरात होत होती, थांबण्याची नव्हती.

डन्टॉव्ह यांच्याही यादीत तडजोडी होत्याच. १९६७ ते १९६९ या काळात २१६ गाड्यांत बसलेले 'एल ८८' इंजिन निव्वळ शर्यतीसाठी होते. त्याच्याबरोबर भक्कम ब्रेक घेणे सक्तीचे होते, रेडिओ मात्र मिळत नसे. रेडिएटरच्या पंख्याभोवती वारा खेचणारे आवरणही नव्हते, त्यामुळे शहरातल्या वाहतुकीत ती गाडी तापत असे. १९६८ च्या नव्या देखण्या कॉर्व्हेटच्या नाकाडात मोठ्या इंजिनाला पुरेसा वारा मिळेना, तेव्हा पत्रकारांना दाखवायच्या गाडीत खालच्या बाजूने भोके पाडून त्यांना वाट काढावी लागली. इंजिन चालकाच्या मागे बसवले तर असे अनेक प्रश्न सुटतील, या मताचा ते आयुष्यभर आग्रह धरत राहिले. कंपनीने प्रायोगिक गाड्यांपलीकडे तो मानला नाही.

१९७५ च्या आरंभी ते निवृत्त झाले आणि २१ एप्रिल १९९६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन येथील कॉर्व्हेट संग्रहालयात त्यांच्या अस्थी जतन केल्या आहेत. चालकाच्या मागे इंजिन असलेली पहिली विक्रीची कॉर्व्हेट जुलै २०१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी जगापुढे आली. चारही चाकांचे डिस्क ब्रेक मात्र त्यांनी हयातीतच प्रत्येक कॉर्व्हेटच्या मालकाच्या पदरात टाकले होते.