मातीला खुराक देणारा इंजिनिअर

तेल खाणाऱ्या जिवाणूंवर सेमिनारसाठी वाचत होतो, तेव्हा एक नाव हटकून समोर यायचे : मार्टिनस बायरिंक. विषाणूंच्या धड्यात हा माणूस भेटतो, पण तो मुळात केमिकल इंजिनिअर, म्हणजे आपल्याच बिरादरीतला, हे फारसे कुणी सांगत नाही.

जन्म १८५१ चा, ॲमस्टरडॅममध्ये. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाला आणि घरी ओढाताण सुरू झाली. डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला व्हॅन्ट हॉफ हा मित्र मिळाला. दोघे खोलीवरच रसायनांचे उद्योग करीत (आपल्या रेक्टर सरांनी दुसऱ्याच दिवशी बॅग भरायला लावली असती!). या व्हॅन्ट हॉफला १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले. बायरिंक १८७२ मध्ये इंजिनिअर झाला, पण जीव झाडापानांत रमलेला. पुढे डॉक्टरेट, मग दहा वर्षे डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरी आणि १८९५ पासून त्याच पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक.

स्वभाव भयंकर कडक. विद्यार्थी त्याला टरकून असत. स्वतः लग्न केले नाही, आणि संशोधकाने संसारात पडूच नये असे त्याचे मत होते. हे काही मला पटत नाही, पण असो.

त्याची खरी कमाई म्हणजे एक साधी युक्ती. चिमूटभर मातीत असंख्य जिवाणू असतात. त्यातला हवा तो शोधत बसण्यापेक्षा खुराकच असा ठेवायचा, की बाकीचे उपाशी राहतील. त्याने पाण्यात साखरेसारखा पदार्थ आणि फॉस्फेट घातले, नायट्रोजन मात्र दिला नाही, आणि वर थोडी माती टाकली. हवेतला नायट्रोजन ज्याला घेता येतो तोच वाढला. १९०१ मधला हा ॲझोटोबॅक्टर आज राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जिवाणू खतात असतो आणि आपल्याकडचे शेतकरी तो ज्वारीच्या बियाण्याला चोळतात.

साखरेच्या जागी तेल ठेवले तर? त्याचा विद्यार्थी सोंगेन याने ते करून पाहिले. १९०६ मध्ये मिथेन वायूवर जगणारा जिवाणू आणि १९१३ पर्यंत पेट्रोलियम, पॅराफिन खाणारे जिवाणू त्याने दाखवले.

मग गॅरेजसमोरची माती वर्षानुवर्षे काळीच का राहते? तेलात कार्बन भरपूर, पण नायट्रोजन, फॉस्फरस जवळपास नाहीच. म्हणजे नुसती भाकरी, कालवण नाही. १९८९ मध्ये एक्झॉन व्हाल्डेझ जहाजाचे तेल अलास्काच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा तिथे खत फवारले गेले. जिवाणू तिथलेच होते. दुसरी गरज हवेची. आपली काळी माती ओली झाली की गच्च बसते आणि आत प्राणवायू पोचत नाही. म्हणून अशी माती पुन्हा पुन्हा उकरावी लागते, बेताचा ओलावा आणि थोडे युरिया-फॉस्फेट द्यावे लागते. नुसती जिवाणूंची पावडर टाकून भागत नाही. डांबरासारखा जड भाग तर त्यानंतरही बराच काळ राहतो. म्हणूनच जळके ऑइल ओढ्यात सोडणे वाईट, कारण पुढे विहिरी आहेत.

१९२१ मध्ये, सत्तराव्या वर्षी, बायरिंकला निवृत्त व्हावे लागले. प्रयोगशाळा सुटली. तो बहिणींसोबत खोर्सेल गावी राहायला गेला आणि पुन्हा झाडापानांत रमला. १ जानेवारी १९३१ रोजी तिथेच वारला.