नेपोलियनचे चरित्र वाचताना

नेपोलियनची दोन-तीन चरित्रे मी वाचली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लढायांचे नकाशे मला फारसे उमगत नाहीत. तोफा कोठे मांडल्या, घोडदळ कोठून आले, ही पाने मी भराभर उलटली. घरची माणसे आली की मात्र मी थांबत असे. तेव्हा भगिनींनो, मी सांगणार तेही त्याच अंगाने.

नेपोलियन जन्मला १५ ऑगस्ट १७६९ रोजी, कॉर्सिका बेटावरील अजाक्सिओ गावी. (आपल्या स्वातंत्र्यदिनाची तारीख, म्हणून माझ्या पक्की ध्यानात राहिली.) बेट नुकतेच फ्रान्सच्या ताब्यात गेले होते. वडील वकील, पण घरची स्थिती बेताची. नवव्या वर्षी मुलाला ब्रिएनच्या लष्करी शाळेत धाडले. त्याचे फ्रेंच बोलणे बेटावरच्या वळणाचे, म्हणून सोबतची मुले चेष्टा करीत. १७८५ साली वडील वारले, आणि त्याच वर्षी हा सोळा वर्षांचा मुलगा तोफखान्यात अधिकारी झाला. आई लेतीझियाच्या पदरी आठ मुले. धाकटा तर तान्हाच होता.

ही बाई मला फार आवडली. पुढे मुलगा बादशहा झाला, तरी हिचा हात आखडताच. लोक हसत, ही आपली शिल्लक टाकीत राही. २ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम देवळात, पोप समोर असताना, नेपोलियनने मुकुट आपल्याच हाताने डोक्यावर ठेवला. भावाभावांच्या भांडणापायी आई त्या समारंभाला आलीच नाही. दाविद चित्रकाराने मात्र आपल्या चित्रात तिला मध्यभागी बसवले आहे!

त्याच वर्षी त्याने नवा दिवाणी कायदा लागू केला. कायद्यापुढे सर्व पुरुष सारखे, ही त्यातली मोठी गोष्ट. पण बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे, त्याच्या संमतीवाचून मालमत्तेचा व्यवहार करू नये, हेही त्यातच. एकट्या आईने सांभाळलेल्या घरातला हा मुलगा! मला हे पटले नाही.

जोसेफिन ही त्याची पहिली बायको. दोन मुलांची विधवा, वयाने सहा वर्षांनी मोठी. १७९६ साली प्रेमाने लग्न केले, आणि गादीला वारस हवा म्हणून १८०९ अखेर घटस्फोट दिला. ऑस्ट्रियाची राजकन्या आणली, १८११ साली मुलगा झाला. एवढे करून त्या मुलाला राज्य मिळाले नाहीच. एकविसाव्या वर्षी क्षयाने गेला.

१८१२ ची रशियाची स्वारी वाचताना पुस्तक दोनदा मिटून ठेवले. चार लाखांहून अधिक फौज गेली. थंडीने मारले असे आपण ऐकतो, पण जातानाच, भर उन्हाळ्यात, उपासमारीने नि रोगाने हजारो मेले होते. मॉस्को हाती आले ते जळत असलेले. परतीला उशीर केला तो यानेच. आणि डिसेंबरात उरलेली फौज मागे टाकून स्वतः पुढे पॅरिसला निघून गेला. त्या पोरांच्याही आया होत्याच की.

१८१४ साली राज्य गेले, एल्बा बेटावर पाठविले. राजकन्या तिकडे फिरकली नाही. आई गेली. तिची शिल्लक तेव्हा कामी आली. तेथून निसटून त्याने शंभर दिवस पुन्हा राज्य केले, आणि १८ जून १८१५ ला वॉटर्लूवर हरला. हरविणारा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरविणाराच!

सेंट हेलेना बेटावर इंग्रजांच्या कैदेत ५ मे १८२१ रोजी तो वारला. वय एकावन्न. आईने इंग्रज सरकारकडे मुलाचा देह मागितला, मिळाला नाही. देह पॅरिसला आला १८४० साली, मोठ्या मिरवणुकीने. लेतीझिया, दृष्टी गेलेली, त्यापूर्वीच चार वर्षे रोममध्ये वारली होती.