विल्यम हर्शेल : तांबड्याच्या पलीकडे पाहणारा माणूस

शिक्षक मित्रांनो, पालकहो, कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरायचं तापमापक यंत्र तुम्ही पाहिलंच असेल. अंगाला न लागता त्याला ताप कसा कळतो? आपल्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, यंत्र टिपतं. थर्मल कॅमेरा तर त्यांचं चित्रच काढतो. धुरात अडकलेला माणूस अग्निशमन दलाला त्यातून दिसतो.

या किरणांचा शोध लावणारे विल्यम हर्शेल मुळात संगीतकार! जन्म १७३८, जर्मनीतलं हॅनोव्हर. वडिलांसारखेच लष्करी बँडमध्ये ओबो वाजवायचे. १७५७ मध्ये इंग्लंडला आले, पुढे बाथमध्ये चर्चचा ऑर्गन वाजवू लागले. आकाशाचं वेड नंतरचं. दुर्बिणीचे आरसे स्वतः घासायचे. हात थांबवता येत नसे, म्हणून बहीण कॅरोलाइन घास भरवायची. १७८१ मध्ये त्यांनी युरेनस शोधला.

पण मला वर्गात सांगायला आवडतो तो १८०० सालचा प्रयोग. रंगीत काचांतून सूर्य पाहताना प्रत्येक रंगाची ऊब वेगळी लागते, हे त्यांना जाणवलं. (मुलांना मात्र सूर्याकडे पाहू देऊ नका.) मग लोलकातून ऊन पाडून त्यांनी एकेका रंगात तापमापी ठेवून पाहिला. तुलनेसाठी दोन तापमापी प्रकाशाबाहेर. आपली मुलं नेमकं हेच विसरतात! जांभळ्यापेक्षा तांबड्यात पारा जास्त चढला. आणि तांबड्याच्याही पलीकडे, जिथे रंगच दिसत नव्हता, तिथे त्याहून जास्त.

१८२२ मध्ये हर्शेल गेले. १८४० मध्ये त्यांचा मुलगा जॉन याने काजळी लावलेला कागद अल्कोहोलने भिजवून उन्हात धरला. उष्णता जिथे जास्त, तिथे तो आधी सुकला आणि तिचं चित्र कागदावर उमटलं.