कै. कमलाबाई निंबकर

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतीलच कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे छापावी, असा प्रघात आहे, व तो योग्यही आहे. परंतु ह्या वर्षी ज्या बाईंचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्या आपल्या ज्ञातीच्या तर नव्हत्याच, पण जन्माने ह्या देशाच्याही नव्हत्या. तथापि आपल्या भोकरदन तालुक्यात अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेली वडील मंडळी घरोघरी आढळतात. त्यांच्या कुटुंबीयांनी ह्या बाईंचे कार्य जाणून घेणे अगत्याचे आहे.

कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ. १९०० साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे त्यांचा जन्म झाला. श्री. विष्णू निंबकर ह्या महाराष्ट्रीय गृहस्थांशी विवाह करून त्या मुंबईस आल्या, कमला हे नाव त्यांनी धारण केले आणि हाच देश आपला मानला. फलटण येथे कृषिसंशोधनसंस्था स्थापन करणारे श्री. बनबिहारी निंबकर हे त्यांचेच चिरंजीव.

पुढे प्रौढ वयात, संसार मांडून झाल्यावर, त्यांनी अमेरिकेस जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. वयाची चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिदशा पत्करणे सोपे नव्हे. परत आल्यावर १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी ह्या विद्येची भारतातील पहिली शाळा सुरू केली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. त्याच वर्षी ह्या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताची गणना झाली, ही गोष्ट आपणां सर्वांस भूषणावह आहे. १९७९ साली त्या निवर्तल्या.

आता ही विद्या कोणती, ते सांगितले पाहिजे. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने तुंबली अथवा फुटली, म्हणजे मेंदूचा काही भाग मरतो. इजा डाव्या अंगास झाली तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते, व उजव्या अंगास झाली तर डावी. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. परंतु मेंदूचे शाबूत राहिलेले भाग त्याचे काम पुष्कळ अंशी शिकू शकतात. मात्र हे शिकणे धुळाक्षरे गिरविण्यासारखे आहे. गिरविल्यावाचून अक्षर वळणावर येत नाही. म्हणून व्यवसायोपचारात रुग्णास सदऱ्याच्या गुंड्या लावणे, तांब्या उचलणे, कणकेचा गोळा मळणे अशी नित्याचीच कामे करावयास लावतात. काम हेच तेथे औषध होय.

येथे आपल्या घरांतील मायाच कधी कधी आड येते. सासऱ्यांचा हात चालत नाही म्हणून सून घास भरविते, मुलगा अंगरखा घालतो. ह्या सेवेस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु ज्या हातास कधीच काम मिळत नाही तो हळूहळू आखडतो, आणि घरच्या कर्त्या पुरुषास आपण भारभूत झालो असे वाटू लागते. गिळण्यास धोका नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर ताट पुढे ठेवावे, आणि घास त्याचा त्यास घेऊ द्यावा. सांडले तर सांडू द्यावे. दुसऱ्याचे काम स्वतः करून टाकण्यापेक्षा त्यास ते करू देण्यास अधिक धीर लागतो. अशा धीराची माणसे घडविण्यासाठी कमलाबाईंनी शाळा काढली.

प्रतिबंधाविषयीही दोन शब्द लिहितो. रक्तदाब व मधुमेह तपासून घ्यावे, चालू केलेली गोळी बरे वाटले म्हणून सोडू नये, तंबाखू वर्ज्य करावी व मीठ बेताने खावे. तोंड वाकडे झाले, हात गळाला अथवा जीभ अडखळू लागली, तर झाडपाल्यात व अंगाऱ्याधुपाऱ्यात वेळ दवडू नये; तडक जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

कमलाबाईंनी परक्या मुलखातील लुळ्या हातांस काम मिळवून दिले. आपल्या घरातील हातास ते मिळवून देणे आपल्याच हाती आहे.