खोट्या नाण्यांचा डाग

डायोजिनीस म्हटले की भरदिवसा दिवा घेऊन माणूस शोधणारा आणि अलेक्झांडरला उन्हातून बाजूला होण्यास सांगणारा अवलिया डोळ्यांसमोर येतो. मात्र हा विरक्त तत्त्वज्ञ एका सराफाचा मुलगा होता आणि नाण्यांच्या भानगडीपायी त्याला गाव सोडावे लागले होते, हे फारसे परिचित नाही.

काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील सिनोपी (आज तुर्कस्तानातील सिनोप) हे त्याचे जन्मगाव. जन्म इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरचा. वडील हिकेसियस यांच्या हाती शहराचा पैसा असे. नाणी विद्रूप केल्याचा आरोप कुणी वडिलांवर ठेवतो, कुणी मुलावर. एका कथेनुसार डायोजिनीसने अपोलोचा कौल मागितला आणि देवाने त्याला चलन बदलण्याची मुभा दिली. ग्रीक भाषेत ‘नोमिस्मा’ म्हणजे नाणेही आणि रूढीही. आपल्या ‘चलन’ या शब्दातही ही छटा आहेच. देवाला अभिप्रेत होती रूढी, भक्ताने धरले नाणे. ही कथा सांगणारा चरित्रकार डायोजिनीस लाएर्टियस पाच शतकांनंतरचा, तेव्हा ती बेतानेच घ्यावी.

नाण्यांची साक्ष मात्र वेगळी निघाली. केंब्रिजचे नाणकशास्त्रज्ञ चार्ल्स सेल्टमन यांनी १९३६ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय नाणकशास्त्र परिषदेत सिनोपीच्या चांदीच्या नाण्यांविषयी निबंध मांडला. या नाण्यांच्या एका बाजूस सिनोपी अप्सरेचे मुख, दुसऱ्या बाजूस डॉल्फिनवर झेपावलेला समुद्रगरुड. काहींवर हिकेसियसचे नाव आढळते. अनेक नाण्यांवर छिन्नीचे खोल घाव आहेत. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून, तापवून, वर ठसा मारला की खोटे नाणे तयार होई. वरून ते ओळखणे कठीण. घाव घातला की आतले तांबे दिसे. बाजारात शिरलेली खोटी नाणी बाद करण्यासाठीच हिकेसियसने ती विद्रूप केली, असा सेल्टमन यांचा निष्कर्ष. तसे असेल तर बापलेकांनी गुन्हा नव्हे, गावाची पत राखली.

शंका आहेत. परीक्षेचा घाव अस्सल नाण्यावरही पडे. शिवाय ही नाणी चौथ्या शतकाच्या मध्याची मानली, तर डायोजिनीस तरुणपणी अथेन्सला येऊन अँटिस्थेनिसचा शिष्य झाला, ही परंपरा टिकत नाही. तरीही जुन्या बदनामीपेक्षा सेल्टमन यांचा तर्क अधिक पटतो.

अथेन्समध्येही खोट्या नाण्यांचा उपद्रव होताच. इ. स. पू. ३७५–३७४ च्या कायद्याने बाजारात सरकारी पारखी बसवला. मुलाम्याचे नाणे सापडताच त्याने ते तिथेच कापावे आणि देवमातेच्या मालकीचे म्हणून जमा करावे, असा दंडक होता. या कायद्याचा शिलालेख १९७० मध्ये तिथल्या उत्खननात सापडला. योगायोग असा की, डायोजिनीसचा प्रसिद्ध रांजण याच देवमातेच्या मंदिराच्या आवारात होता!

पुढे चाच्यांनी त्याला पकडून विकले. कॉरिंथच्या झेनियाडीसने त्याला विकत घेऊन मुलांचा शिक्षक केले. इ. स. पू. ३२३ मध्ये कॉरिंथलाच त्याचे निधन झाले. समाधीवर संगमरवरी कुत्रा बसवण्यात आला. नंतर सिनोपीकरांनीही आपल्या या हद्दपार गाववाल्याचे ब्राँझचे पुतळे उभारले.