विश्लेषण : डॉक्टरकी सोडून हिमालयातली यकृतका धुंडाळणारे शिवराम कश्यप कोण होते?

पावसाळ्यात घराच्या मागच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर किंवा घाटातल्या ओल्या कातळावर हिरवा थर दिसतो. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो आणि पाय घसरू नये म्हणून जपून चालतो. जवळून पाहिले तर त्या थरात अनेक वेगवेगळ्या वनस्पती असतात. शंभर वर्षांपूर्वी भारतातल्या अशा वनस्पतींकडे गुडघे टेकून पाहणारा एक शास्त्रज्ञ लाहोरमध्ये होता. प्रा. शिवराम कश्यप हे त्यांचे नाव. भारतीय ब्रायोफायटा अभ्यासाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांनी नेमके काय केले आणि त्याचे महत्त्व आजही का आहे, याविषयी...

ब्रायोफायटा आणि यकृतका म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात वनस्पतीसृष्टीतील उभयचर म्हणून ज्यांची ओळख होते, त्या ब्रायोफायटा. त्या जमिनीवर वाढतात, पण त्यांच्या पुंयुग्मकाला स्त्रीयुग्मकापर्यंत पोहोचण्यासाठी पाण्यातून पोहावे लागते. त्यांना फूल, फळ, बी नसते. खरी मुळेही नसतात. मुळांसारख्या बारीक तंतूंनी त्या माती किंवा दगड धरून ठेवतात आणि बीजाणूंपासून नव्याने उगवतात.

त्यांचे तीन गट आहेत. मॉस म्हणजे शेवाळी, लिव्हरवर्ट म्हणजे यकृतका आणि हॉर्नवर्ट म्हणजे शृंगका. काही यकृतकांचा चपटा, विभागलेला देह यकृताच्या आकाराची आठवण करून देतो, म्हणून हे नाव पडले. जगात यकृतकांच्या सुमारे ७,००० जाती आहेत. शाळेत ज्यांची चित्रे काढावी लागतात त्या रिक्सिया आणि मार्केंशिया यकृतकाच.

कश्यप या विषयाकडे कसे वळले?

शिवराम कश्यप यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८८२ रोजी पंजाबमधील झेलम येथे झाला. हे शहर आज पाकिस्तानात आहे. वनस्पतीशास्त्र हा त्यांचा पहिला व्यवसाय नव्हता. त्यांनी आग्र्याच्या वैद्यकीय विद्यालयातून १९०४ मध्ये पदविका घेतली आणि ते सरकारी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. त्या काळात अशी नोकरी म्हणजे आयुष्यभराची निश्चिंती. पण नोकरी सांभाळत त्यांनी पंजाब विद्यापीठाच्या विज्ञान शाखेच्या परीक्षा दिल्या. पुढे वैद्यकीय सेवा सोडली, १९०९ मध्ये एमएस्सी केले आणि लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात ते शिकवू लागले.

१९१० मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथे वनस्पती-जीवाश्मांचे नामांकित अभ्यासक ए. सी. सिवर्ड यांचा सहवास त्यांना लाभला. १९१२ मध्ये केंब्रिजची पदवी घेऊन ते लाहोरला परतले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. पुराजीव वनस्पतीशास्त्रातले मोठे नाव असलेले बिरबल सहानी हे लाहोरमधले त्यांचे विद्यार्थी.

त्यांच्या आधी भारतात या वनस्पतींचा अभ्यास नव्हता का?

होता, पण त्याची पद्धत निराळी होती. ब्रिटिश अधिकारी, डॉक्टर आणि प्रवासी हिमालयातून नमुने गोळा करत, वाळवून कागदात गुंडाळत आणि युरोपला पाठवत. तिथले तज्ज्ञ ते तपासून नावे देत. विल्यम मिटन यांनी भारतातल्या शेवाळींवरचा मोठा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध केला, तो इंग्लंडमध्ये जमलेल्या अशा संग्रहांच्या आधारे. जर्मनीचे फ्रान्झ स्टेफानी यांनी जगभरातून आलेल्या नमुन्यांवरून यकृतकांच्या हजारो जातींची वर्णने सहा खंडांत केली. त्यातली अनेक नावे पुढे दुबार किंवा चुकीची ठरली.

या कामाचे मोल मोठे आहे. त्याच्याशिवाय पुढच्या अभ्यासाला पायाच नसता. पण अडचण होती ती नमुन्यांची. देवदाराची फांदी वाळली तरी बरीचशी ओळखू येते. यकृतका वाळली की आक्रसते. तिच्या देहातल्या हवेच्या पोकळ्या चेपतात. अनेक यकृतकांच्या पेशींत तेलाचे सूक्ष्म कण असतात. ओळख पटवायला ते उपयोगी पडतात, पण वाळल्यावर बहुधा नाहीसे होतात. शिवाय ही वनस्पती कोणत्या महिन्यात उगवते, कोरड्या दिवसांत तिचे काय होते, शेजारी काय वाढते, हे वाळलेल्या पुडीवरून कळत नाही. जिथे ती वाढते तिथेच ऋतुमागून ऋतू पाहणारा माणूस हवा होता.

कश्यप यांनी काय शोधले?

सुट्ट्या लागल्या की ते हिमालयात जात. मसुरी, सिमला यांसारख्या डोंगरी गावांच्या परिसरापासून पश्चिम तिबेटपर्यंत त्यांनी भटकंती केली. यातला बराचसा प्रवास पायी होता. पण त्यांचा अभ्यास केवळ उंच डोंगरांपुरता नव्हता. पंजाबच्या मैदानी भागातल्या ओलसर जमिनीवर उगवणाऱ्या रिक्सियांकडेही त्यांनी तितक्याच बारकाईने पाहिले. रिक्सिया पाठाणकोटेन्सिस या जातीला त्यांनी पठाणकोटचे नाव दिले.

१९१४ आणि १९१५ मध्ये त्यांनी पश्चिम हिमालयातील नव्या आणि अल्पपरिचित यकृतकांवर लेखमाला प्रसिद्ध केली. त्यात एचिसोनिएला, स्टीफन्सोनिएला आणि सिवर्डिएला या तीन नव्या प्रजाती होत्या. इथे प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. नवी जाती सापडणे ही मोठी गोष्ट, नवी प्रजाती सापडणे त्याहून मोठी. सिवर्डिएला हे नाव त्यांनी केंब्रिजच्या गुरूंच्या सन्मानार्थ ठेवले. या वनस्पतीत अन्न साठवणारी छोटी गाठ तयार होते. वरचा भाग वाळून गेला तरी ही गाठ मातीत टिकते आणि ओल मिळताच पुन्हा फुटते. असे वर्तन समजण्यासाठी वनस्पती जिवंत असताना पाहावी लागते.

हीच पद्धत त्यांनी एक्विसेटम या नेच्यांशी नाते असलेल्या वनस्पतीसाठीही वापरली. तिच्या बीजाणूपासून आधी एक इवलासा हिरवा देह तयार होतो. त्यात नर आणि मादी वेगवेगळे असतात, अशी समजूत होती. कश्यप यांनी भारतात आढळणाऱ्या जातीचे हे देह वाढवून पाहिले आणि १९१४ मध्ये दाखवून दिले की एकाच देहावर दोन्ही अवयव येऊ शकतात. दाटीवाटीत वाढले की मोकळे, यावर बरेच अवलंबून असते.

त्यांचा सिद्धांत वादग्रस्त का ठरला?

त्या काळी अनेकांना वाटे की उत्क्रांती साध्याकडून गुंतागुंतीकडे जाते. त्या हिशेबाने साधी रिक्सिया आधीची आणि हवेच्या खोल्या, छिद्रे, छत्रीसारखे उभे अवयव असलेली मार्केंशिया नंतरची. मार्केंशियात बीजाणू छत्रीवर तयार होतात, रिक्सियात ते देहातच रुतलेले असतात.

कश्यप यांना हिमालयात या दोन टोकांच्या मधल्या अवस्था दिसल्या. स्टीफन्सोनिएलाच्या एका जातीचे नावच ब्रेव्हिपेडुंक्युलाटा, म्हणजे आखूड देठाची. लांब देठ, मग आखूड देठ, मग देठच नाही, अशी मालिका त्यांनी मांडली आणि ती उलट दिशेने वाचली. रिक्सिया ही सुरुवात नसून शेवट आहे, अवयव गमावत गमावत ती साधी झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. असा विचार करणारे ते एकटे नव्हते. जर्मनीतल्या गोबेल यांचेही मत याच दिशेचे होते. पण कश्यप यांच्या हातात हिमालयातला ताजा पुरावा होता. ते आणखी पुढे गेले आणि यकृतका मुळात नेच्यांच्या गटासारख्या अधिक गुंतागुंतीच्या वनस्पतींपासून उतरल्या असाव्यात, असे त्यांनी सुचवले. यावरून बराच वाद झाला.

आज त्याबद्दल काय म्हटले जाते?

उत्तर दोन भागांत आहे. यकृतका नेच्यांपासून आल्या, हे आज कोणी मानत नाही. पण रिक्सियाचा साधेपणा नंतर आलेला आहे, हे डीएनएच्या अभ्यासाने उचलून धरले. रिक्सियाचे स्थान वंशवृक्षाच्या बुंध्याशी नसून गुंतागुंतीच्या नातेवाईकांच्या मध्ये आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात तर यकृतकांच्या पूर्वजांकडे पर्णरंध्रे होती आणि ती पुढे नाहीशी झाली, असा निष्कर्ष निघाला. उत्क्रांती घटही करते, हा कश्यप यांचा मूळ मुद्दा टिकला.

त्यांचा वारसा कोणी पुढे नेला?

१९२९ मध्ये पंजाब विद्यापीठाने त्यांच्या पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानातील यकृतकांवरील ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. दुसरा भाग १९३२ मध्ये आला, त्यावर त्यांच्यासोबत विद्यार्थी राम सरन चोप्रा यांचे नाव होते. त्याच वर्षी कश्यप इंडियन सायन्स काँग्रेसचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९३४ रोजी लाहोरमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५२ वर्षांचे होते. लाहोर जिल्ह्यातल्या वनस्पतींवरचे त्यांचे पुस्तक १९३६ मध्ये, त्यांच्या पश्चात निघाले.

तेरा वर्षांनी फाळणी झाली. लाहोरचे विद्यापीठ सीमेपलीकडे गेले, पण विषय थांबला नाही. त्यांचे विद्यार्थी प्राणनाथ मेहरा आणि चोप्रा यांनी भारतातल्या पंजाब विद्यापीठात हे काम चालू ठेवले. चोप्रा यांचा भारतीय शेवाळींच्या वर्गीकरणावरचा ग्रंथ १९७५ मध्ये आला. लखनऊमध्ये एस. के. पांडे आणि राम उदार यांनी स्वतंत्र परंपरा उभी केली. आज भारतात ब्रायोफायटांच्या अडीच हजारांहून अधिक जातींची नोंद आहे.

या नोंदींचा आज उपयोग काय?

ब्रायोफायटा पाणी धरून ठेवतात, उघड्या मातीची धूप रोखतात आणि हवा-ओलाव्यातला बदल त्यांना लवकर जाणवतो. कातळ फुटला, झरा आटला, रस्ता रुंद झाला की त्या निघून जातात आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. एखादी जाती नाहीशी झाली, हे म्हणायला ती आधी तिथे होती, याची नोंद लागते. पश्चिम हिमालयासाठी ती नोंद कश्यप यांच्या ग्रंथात आहे. कोणत्या गावाजवळ काय उगवत होते, हे आजचा अभ्यासक तिथे जाऊन ताडून पाहू शकतो.

आपल्या सह्याद्रीतही महाबळेश्वर, आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाचे चार महिने हे जग फुललेले असते. पुढच्या खेपेला घाटात गाडी थांबली की ओल्या दरडीजवळ थोडे वाकून पाहा. सपाट, हिरवी, फाटे फुटलेली पट्टी दगडाला चिकटलेली दिसली, तर ती बहुधा यकृतका असेल. तिला न उपटता फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा. कश्यप यांच्याही कामाची सुरुवात अशा नोंदींपासूनच झाली होती.