पियूषिकेचा आजन्म पाठपुरावा

रोहू, कटला आणि मृगळ हे मासे तळ्यात उत्तम वाढतात, परंतु साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पावसाळाही येतो. मात्र पूर आलेल्या नदीचे वातावरण न लाभल्याने अखेरचा टप्पा अपुराच राहतो. त्यामुळे एके काळी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावे लागे आणि त्यात नको असलेल्या जातींचीही भेसळ असे. आज ही अडचण एका इंजेक्शनाने दूर होते. त्या इंजेक्शनाच्या इतिहासाचा एक धागा दूर अर्जेंटिनात, नोबेल पारितोषिक विजेते शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्नार्दो उसाय यांच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो.

उसाय यांचा जन्म १० एप्रिल १८८७ रोजी ब्युनॉस आयर्स येथे, फ्रान्सहून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबात झाला. त्यांची बुद्धी विलक्षण तल्लख होती. वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी त्यांनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी मिळविली आणि १९११ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. मेंदूच्या तळाशी असलेल्या, मनुष्यात वाटाण्याएवढ्या भरणाऱ्या पियूषिका ग्रंथीने त्यांना विद्यार्थिदशेतच वेधून घेतले होते. प्रबंधासाठी त्यांनी तोच विषय निवडला आणि पुढे आयुष्यभर त्याची साथ सोडली नाही. १९१९ मध्ये ब्युनॉस आयर्स विद्यापीठाच्या वैद्यक विद्याशाखेत शरीरक्रियाशास्त्राचे अध्यासन त्यांच्याकडे आले. त्यांनी उभारलेली संस्था अल्पावधीत जगभरातील संशोधकांच्या आदरास पात्र ठरली.

भेक आणि कुत्रे यांच्यावरील प्रयोगांतून त्यांनी दाखवून दिले, की रक्तातील साखरेचे नियमन केवळ स्वादुपिंडाच्या हाती नसते. पियूषिकेच्या पुढच्या भागातील संप्रेरके इन्शुलिनच्या विरुद्ध दिशेने कार्य करतात. ही ग्रंथी काढून टाकली असता प्राण्यांतील मधुमेहाची तीव्रता कमी होत असे.

याच ध्यासातून ते माशांकडेही वळले. १९३० मध्ये त्यांनी एका माशाच्या पियूषिकेचा अर्क पिले देणाऱ्या एका लहानशा माशाला टोचला, तेव्हा मादीने मुदतीआधीच पिलांना जन्म दिला. माशांच्या प्रजननाची किल्लीही याच ग्रंथीत आहे, याचा तो स्पष्ट संकेत होता. शेजारच्या ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी १९३४ च्या सुमारास या तंत्राचा मत्स्यशेतीसाठी यशस्वी वापर केला. भारतात १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी भारतीय कार्प माशांवर हाच मार्ग यशस्वी करून दाखविला. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

ग्रंथीच्या या किमयेचे रेणूंच्या पातळीवरील स्पष्टीकरण पुढे मिळाले. मेंदूतून एक लहान प्रथिनखंड पियूषिकेला संदेश देतो. पियूषिका रक्तात संप्रेरक सोडते. त्याच्या प्रभावाने अंडाशयात एक स्टेरॉइड तयार होते आणि अंड्याची अंतिम पक्वता घडून येते. कार्प माशांत डोपामाइन हे रसायन या साखळीला आवर घालते. म्हणूनच आजच्या अनेक इंजेक्शनांत मेंदूच्या संदेशाची कृत्रिम प्रतिकृती आणि डोपामाइनला रोखणारे औषध अशी जोडी असते. त्यामुळे त्यांच्या वापरासाठी माशांच्या ग्रंथी गोळा करण्याची गरज उरत नाही.

उसाय यांच्या कार्याची खरी कसोटी मात्र प्रयोगशाळेबाहेर लागली. १९४३ मध्ये लष्करी राजवटीत लोकशाहीची मागणी करणाऱ्या जाहीर निवेदनावर त्यांनी स्वाक्षरी केली आणि त्यांना प्राध्यापकपद गमवावे लागले. परदेशातून निमंत्रणे आली, पण त्यांनी देश सोडला नाही. खासगी देणग्यांच्या आधारे १९४४ मध्ये त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्र आणि वैद्यकाची स्वतंत्र संस्था उभारली आणि सहकाऱ्यांसह संशोधन चालू ठेवले. १९४५ मध्ये ते विद्यापीठात परतले, परंतु पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा दूर करण्यात आले. १९४७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्ल व गर्टी कोरी यांच्यासह त्यांना जाहीर झाले, तेव्हा स्वतःच्या विद्यापीठाचे दार त्यांना बंदच होते. विज्ञानातील नोबेल मिळविणारे ते पहिले लॅटिन अमेरिकी ठरले. सत्तांतरानंतर १९५५ मध्ये त्यांना अध्यासन परत मिळाले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्यांचे शिष्य लुईस लेल्वार यांना १९७० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल लाभले, हा गौरवही त्यांनी पाहिला. २१ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

मत्स्यशेतीची क्रांती घडवावी, हा उसाय यांचा हेतू नव्हता. एका ग्रंथीचे कार्य समजावे, एवढीच त्यांची जिज्ञासा होती. त्या जिज्ञासेचा लाभ तळ्याकाठच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला मध्ये अनेकांचे हात लागले. शुद्ध ज्ञानाचा उपयोग काय, असा प्रश्न राज्यकर्ते वारंवार विचारतात. त्याचे एक उत्तर शहरातील बाजारात रोज ताज्या रोहूच्या रूपाने विकले जाते.